ऑनलाइन वाद घालायचाय? मग आधी प्रश्न लहान करा

ऑनलाइन चर्चेत नव्याने उतरणाऱ्याला वाटतं, आपला मुद्दा बिनतोड असला की समोरचा निरुत्तर होईल. तसं होत नाही. समोरचा मुद्दाच बदलतो. मग तिसरा कुणीतरी मध्ये तोंड घालतो, चौथा जुना राग काढतो, आणि तासाभराने मूळ प्रश्न काय होता हे कुणालाच सांगता येत नाही. दरवेळी यात कुणी लबाड असतो असं नाही. बहुतेकदा दोघंही प्रामाणिक असतात, फक्त दोघं दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. या लेखातला सगळ्यात मोठा भाग त्याच दुखण्यावरच्या उपायाचा आहे. बाकीच्या पायऱ्या आहेतच, पण ही एक जमली तर पुष्कळ जमलं.

टाइप करण्याआधी: माध्यमाचा स्वभाव

समोरासमोर बोलताना आपण क्षणाक्षणाला दुरुस्त्या करत असतो. समोरच्याच्या कपाळावर आठी पडली की आवाज खाली येतो, तो दुखावलेला दिसला की अर्ध्यावर आलेलं वाक्य वळतं. स्क्रीनवर यातलं काहीच नसतं. ऑनलाइन आल्यावर माणसाची भीड का चेपते, याची सहा कारणं मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडली. नाव लपवता येतं, चेहरा दिसत नाही, उत्तर लगेच द्यावं लागत नाही, समोरच्याचा आवाज आपण आपल्याच डोक्यात तयार करतो, हे खरं जग नाही असं वाटत राहतं, आणि समोरच्याच्या वयाचा-अधिकाराचा दबाव जाणवत नाही.

नवख्याने यातल्या चौथ्या कारणाकडे जास्त लक्ष द्यावं. "हे तुम्ही कुठे वाचलंत?" हा साधा प्रश्न आहे. आपण चिडलेले असलो की तोच टोमण्यासारखा ऐकू येतो, कारण तो वाचणारा आवाज आपलाच असतो. म्हणून झोंबलेलं वाक्य एकदा सपाट आवाजात मोठ्याने वाचावं. बरीच वाक्यं तेवढ्यानेच निरुपद्रवी होतात.

उपरोधाचं तर विचारूच नका. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. ईमेल लिहिणाऱ्यांना वाटत होतं की आपलं वाक्य उपरोधिक आहे की गंभीर, हे वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा. केवळ अंदाजाने ठोकून दिलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतातच, तेव्हा ५६ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ओळखीच्या ग्रुपमध्ये उपरोध खपतो. अनोळखी लोकांत तो शब्दशः घेतला जाणार असं धरूनच लिहावं. इमोजीने काम भागतं हाही भ्रम आहे, कारण हसरा चेहरा कित्येकांना खिजवल्यासारखा वाटतो.

दुसरी अडचण माध्यमाच्या रचनेतच आहे. विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या राजकीय मजकुराचा अभ्यास करून २०१७ मध्ये दाखवलं, की नैतिक भावनेचा रंग असलेला प्रत्येक जादा शब्द पोस्टचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढवतो. गंमत पुढे आहे. हा प्रसार मुख्यतः आपल्याच बाजूच्या लोकांत होतो, पलीकडच्यांपर्यंत तो फारसा पोचत नाही. म्हणजे 'निर्लज्ज', 'पाप', 'गद्दार' असे शब्द वापरले की लाइक मिळतात, आणि ज्याला पटवायचं तो तेवढाच लांब जातो. दोन्ही एकदम हवं असेल तर तसं मिळत नाही.

समोर वाद आहे की वितंडा, ते ओळखा

गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथात, वादविवादाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि आजच्या कुठल्याही थ्रेडवर, म्हणजे प्रतिक्रियांच्या साखळीवर, ते जसेच्या तसे लागू पडतात. दोघांनाही खरं काय ते शोधायचं असेल तर तो वाद. जिंकणं एवढाच हेतू असेल आणि त्यासाठी शब्दच्छल, फसवी उत्तरं असं सगळं चालत असेल तर तो जल्प. आणि स्वतःचं काहीच मांडायचं नाही, समोरच्याचं मात्र खोडत राहायचं, ती वितंडा.

शब्दच्छलाचं जुनं उदाहरण याच न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनांच्या भाष्यात आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे, म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. दुसरा 'नव'चा अर्थ नऊ असा घेऊन म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! आजही एखाद्याचा एक शब्द धरून त्यावर तीस प्रतिक्रियांचा डोंगर उभा राहतो, तो हाच प्रकार.

ओळखायचं कसं? दोन प्रश्न विचारा, एकेकदाच. पहिला: "तुमचं मत बदलेल असा कोणता पुरावा असू शकतो?" ज्याला वाद हवा आहे तो यावर थांबून विचार करतो. दुसरा प्रश्न वितंडेसाठी: "माझं चुकतंय असं धरू. मग तुमच्या मते काय करायला हवं?" उत्तर न देता तो पुन्हा तुमच्याच वाक्यावर घसरला, तर तिथे वेळ घालवू नये. हे प्रश्न स्वतःलाही विचारून पाहावेत. आपणही जल्पात उतरलेले असतो आणि त्याला तत्त्वनिष्ठा म्हणत असतो.

प्रश्न लहान करा

आता मुख्य काम. "गृहपाठ बंद करावा का?" हा वाद घेऊ. एकजण लिहितो, "गृहपाठ म्हणजे मुलांचा छळ आहे." दुसरा लिहितो, "गृहपाठाशिवाय मुलं शिकणारच नाहीत." एवढ्यावर दोनशे प्रतिक्रिया सहज होतात आणि हाती काही लागत नाही, कारण या एका प्रश्नात चार प्रश्न कोंबलेले आहेत.

पहिला वस्तुस्थितीचा: गृहपाठाने शिकणं सुधारतं का? दुसरा व्याख्येचा: गृहपाठात काय काय धरायचं? झोपण्यापूर्वी आवडीचं पुस्तक वाचणं हा गृहपाठ की वहीत वीस गणितं सोडवणं हाच? तिसरा मूल्यांचा: मुलाचा मोकळा वेळ जास्त मोलाचा की गुण? चौथा धोरणाचा: बंदी घालायची तर कुणी, शिक्षकाने, शाळेने की सरकारने?

चारही प्रश्नांची औषधं वेगळी आहेत. वस्तुस्थितीच्या प्रश्नावर पुरावा चालतो. व्याख्येचा प्रश्न पुराव्याने सुटत नाही. तिथे "आपण या चर्चेपुरतं असं धरूया" एवढं म्हटलं की पुरतं. मूल्यांच्या प्रश्नावर आकडे फेकणं व्यर्थ असतं, तिथे समोरच्याला काय मोलाचं वाटतं आणि का, हे समजून घेणं एवढंच हाती असतं. आणि धोरणाचा प्रश्न आधीचे तीन थोडेफार उलगडल्याशिवाय हातातच घेऊ नये. ऑनलाइन चर्चांत नेमकं उलटं चालतं. सुरुवातच बंदीपासून होते.

मूल्यांच्या भांडणात पुरावा आणि पुराव्याच्या भांडणात मूल्यं, ही अदलाबदल सगळ्यात जास्त डोकं उठवते. एकजण संशोधनाची लिंक देतो, दुसरा म्हणतो "तुम्हाला मुलांची काळजीच नाही." लिंक देणाऱ्याला वाटतं हा अडाणी आहे, आणि दुसऱ्याला वाटतं हा निर्दय आहे. दोघंही आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत असतात.

वस्तुस्थितीचा प्रश्नही आणखी कापावा लागतो. त्यासाठी तीन कात्र्या पुरतात: कुणासाठी, किती आणि कशाऐवजी. गृहपाठाच्या बाबतीत पहिल्या कात्रीनेच चित्र बदलतं. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. गृहपाठ आणि परीक्षेतलं यश यांचा संबंध सातवी ते बारावीच्या मुलांत ठळक दिसला, त्याहून लहान मुलांत तो बराच कमजोर होता. आता ते दोघं पुन्हा बघा. 'छळ' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कदाचित दुसरीतलं मूल असेल आणि 'शिकणारच नाहीत' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दहावीतलं. दोघांनी इयत्ता लिहिली असती तर भांडणाला जागाच उरली नसती. 'किती' विचारलं की रोजचा अर्धा तास आणि रोजचे तीन तास वेगळे होतात. 'कशाऐवजी' विचारलं की गृहपाठ काढल्यावर तो वेळ मैदानावर जाणार की मोबाइलवर, हा खरा प्रश्न वर येतो.

प्रत्यक्षात लिहायचं असं: "मला वाटतं आपण वेगवेगळ्या वयाच्या मुलांबद्दल बोलतोय. चौथीपर्यंतच्या मुलांपुरतं बोलूया का?" किंवा: "गृहपाठ उपयोगी आहे का, आणि तो सक्तीचा असावा का, हे दोन प्रश्न आहेत. मी सध्या पहिल्याबद्दलच बोलतो." स्वतःच्या वाक्यातले 'सगळे', 'नेहमी', 'कधीच', 'आजकाल' हे शब्द पाठवण्याआधी तपासा. त्यातला प्रत्येक शब्द समोरच्याला एक अपवाद शोधायचं आमंत्रण देतो, आणि अपवाद सापडतोच.

एक सावधगिरी मात्र हवी. प्रश्न लहान करणं हीसुद्धा चलाखी होऊ शकते. आपण जिंकतो तेवढाच तुकडा कापून घेतला आणि समोरच्याला सलणारी गोष्ट बाहेर ठेवली, तर त्याला फसवल्यासारखं वाटेल आणि ते बरोबरच असेल. म्हणून तुकडा निवडताना त्यालाच विचारा: "तुमचा मुख्य आक्षेप हाच आहे ना, की दुसरा काही आहे?" तो दुसरा तुकडा म्हणाला तर तो घ्या, आपल्याला गैरसोयीचा असला तरी. आणि त्याला कुठलाच तुकडा नको असेल, सगळ्यावर एकदमच बोलायचं असेल, तर तुमच्या उत्तरात तुम्ही कशावर बोलताय हे एका ओळीत सांगून पुढे चला.

समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडा

शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्या पूर्ण ताकदीनिशी, आणि मग उत्तरपक्ष, म्हणजे त्याला दिलेलं आपलं उत्तर. हाच शिस्तीचा धडा गणितज्ञ ॲनातोल रॅपोपोर्ट यांच्या नावाने ओळखला जातो. तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट यांनी २०१३ मध्ये तो चार पायऱ्यांत मांडला. समोरच्याचं म्हणणं असं मांडा की तो म्हणेल, "अरे, मलाच हे असं सुचायला हवं होतं." मग कुठे सहमती आहे ते सांगा. मग त्याच्याकडून काय शिकलात ते सांगा. टीका त्यानंतर.

माझ्या मते तिसरी पायरी ऑनलाइन बहुधा नाटकी वाटते. खरंच काही शिकलो असू तरच ती लिहावी. पहिली मात्र टाळू नये.

आणि इथे मराठीतल्या एका वाक्यापासून जपा: "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की..." दिसायला हा पूर्वपक्ष, पण दहातल्या नऊ वेळा पुढे व्यंगचित्र येतं. "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की मुलांनी दिवसभर नुसतं हुंदडावं?" हे वाचून कुणाचंही डोकं फिरेल. त्याऐवजी: "तुमचं म्हणणं मला असं कळलं: लहान मुलांना संध्याकाळी खेळायला वेळ राहत नाही आणि गृहपाठाचा फायदाही फारसा दिसत नाही. यात काही सुटलं का?" या शेवटच्या प्रश्नाने समोरच्याला दुरुस्तीची जागा मिळते. बहुतेक जण तिथेच जरा सैल होतात.

उत्तर लिहिताना

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर 'चेंज माय व्ह्यू' नावाचा एक विभाग २०१३ पासून चालू आहे. तिथे माणूस स्वतःचं मत मांडतो आणि ते बदलून दाखवा म्हणतो. मत बदललं तर पटवणाऱ्याला डेल्टा हे चिन्ह देतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या चर्चा तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यातले काही नवख्याने लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पटलेल्या उत्तरांत सूर शांत होता. 'कदाचित', 'बहुधा' असे सावध शब्द त्यांत जास्त होते. मांडणी दुबळी दिसेल या भीतीने आपण हेच शब्द खोडून टाकतो. आधीच्याच शब्दांची उजळणी करण्याऐवजी नवे शब्द, नवा कोन आणणारी उत्तरं जास्त पटली. आणखी एक बारीक निरीक्षण असं की मत मांडताना 'मी' वापरणारे बदलायला अधिक तयार होते, 'आम्ही' वापरणारे कमी. कुणी "आम्हा पालकांना..." असं लिहिलं की तो स्वतःपुरता उरलेला नसतो, त्याच्यामागे गट उभा असतो. अशा वेळी "तुमचा स्वतःचा अनुभव काय आहे?" असं विचारून पाहा.

उत्तर कोणत्या पातळीवरचं आहे हे मोजायला प्रोग्रामर आणि निबंधकार पॉल ग्रॅहम यांची २००८ मधली सात पायऱ्यांची शिडी सोपी आहे. तळाला शिवीगाळ, मग व्यक्तीवर हल्ला, मग सुरावर टीका, मग नुसतं "हे चूक आहे", मग प्रतिवाद, मग नेमकं वाक्य घेऊन केलेलं खंडन, आणि वर मध्यवर्ती मुद्द्याचं खंडन. नवखे लोक शिवीगाळ टाळतात, पण तिसऱ्या पायरीवर हमखास अडकतात. "तुमची भाषा बघा आधी!" समोरच्याची भाषा वाईट असेलही, पण तेवढ्याने त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

एका उत्तरात एकच मुद्दा. पाच मुद्दे दिले तर समोरचा सगळ्यात कच्चा उचलतो आणि तुम्ही त्याचाच बचाव करत बसता.

पुराव्याचं थोडं

लिंक देण्याआधी ती वाचा, निदान मथळ्याच्या पुढे. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये इतिहासाचे पीएचडीधारक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं जोखायला दिली होती. तपासनीस सरस ठरले. बाकीचे त्या पानावरच रेंगाळून त्याची मांडणी, लोगो, भाषा बघत राहिले. तपासनिसांनी लगेच नवे टॅब उघडून या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं. हे आपल्यालाही दोन मिनिटांत जमतं.

खोटं खोडायला लागणारे श्रम ते पसरवायला लागणाऱ्या श्रमांच्या कितीतरी पट असतात, असं इटालियन प्रोग्रामर अल्बेर्तो ब्रँडोलिनी यांनी २०१३ मध्ये म्हटलं आणि त्याला त्यांच्याच नावाचा नियम म्हणतात. समोरच्याने एका दमात पंधरा दावे टाकले तर पंधरांची उत्तरं देऊ नका. त्याला सांगा, "यातला तुम्हाला सगळ्यात भक्कम वाटणारा एक निवडा, आपण तो तपासू." दावा त्याचा, तेव्हा पुरावा शोधायचं कामही आधी त्याचंच.

तथ्य दाखवलं की माणूस उलट अधिकच हट्टाला पेटतो, असं तुम्ही ऐकलं असेल. ब्रेंडन नायहन आणि जेसन राइफ्लर यांच्या २०१० मधल्या अभ्यासावरून ही समजूत पसरली. पुढे थॉमस वुड आणि इथन पोर्टर यांनी ५२ विषयांवर हजारो लोकांना तपासलं आणि २०१९ मध्ये सांगितलं की असा उलटा परिणाम क्वचितच दिसतो. तेव्हा "लोकांना तथ्यं सांगून उपयोग नाही" ही सबब नको. सांगावीत. फक्त माणसाला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडून नव्हे. ओळखीचा असेल तर डीएममध्ये, म्हणजे खासगी मेसेजमध्ये, सांगितलेली दुरुस्ती तो पुष्कळदा मुकाट्याने स्वीकारतो.

थांबायचं कधी

कॉर्नेलच्या त्याच अभ्यासात दिसलं की एकाच जोडीत चार-पाच फेऱ्या होऊनही मत हललं नसेल, तर पुढे हलण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. म्हणून सुरुवातीलाच मनाशी ठरवा: माझी तीन उत्तरं, फार तर चार. इंग्रजी विकिपीडियावर कुणाही संपादकाला एका पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा इतरांचे बदल उलटवता येत नाहीत. नियम आधीच ठरलेला असतो, म्हणून भर रागात तो ठरवत बसावं लागत नाही.

थांबताना गायब होऊ नका, आणि "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही" असं म्हणूनही जाऊ नका. असं लिहा: "आपलं लहान मुलांबाबत जमतंय, मोठ्यांबाबत नाही. माझं म्हणणं मांडून झालं, मी इथे थांबतो." त्यावर समोरचा शेवटचा टोला मारेल. मारू द्या. संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ हिशेबानुसार ऑनलाइन समूहांतले ९० टक्के लोक फक्त वाचतात. तुमच्या उत्तराचा खरा वाचक बहुधा तोच गप्प बसलेला आहे, आणि शेवटचा शब्द कुणाचा याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

ट्रोलबद्दल, म्हणजे मुद्दाम खोड काढून चर्चा बिघडवणाऱ्याबद्दल, एकच. ट्रोल ही वेगळी जमात नव्हे. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलच्या संशोधकांना २०१७ मध्ये आढळलं की वाईट मनःस्थिती आणि आधी दिसलेला खोडसाळ मजकूर या दोन गोष्टी एकत्र आल्या की साध्या माणसाने ट्रोलगिरी करण्याची शक्यता दुप्पट होते. दिवस वाईट गेला असेल तर त्या रात्री वादात उतरू नका. चर्चा तुम्ही सुरू केली असेल तर पहिल्या दोन-तीन प्रतिक्रियांवर लक्ष ठेवा, पुढचा सूर तिथेच ठरतो. धमकी, पत्ता-फोन उघड करणं, लैंगिक शेरेबाजी यांना मात्र उत्तर द्यायचंच नाही. स्क्रीनशॉट घ्या, ॲडमिनला कळवा, ब्लॉक करा. तिथे समजूतदारपणा दाखवायची जबाबदारी तुमच्यावर नाही.

मत बदललं तर

हे घडतं, आणि घडल्यावर काय करायचं ते बहुतेकांना ठाऊक नसतं. लोक जुनी पोस्ट हळूच डिलीट करतात. त्याने खालची सगळी चर्चा निराधार लटकते आणि ज्याने कष्टाने पटवलं त्याला कळतही नाही. मूळ मजकूर तसाच ठेवा. त्याखाली तारखेसह लिहा: "या मुद्द्यावर माझं मत बदललं आहे", आणि नेमकं कोणत्या उत्तराने ते बदललं तेही. अर्धंच बदललं असेल तर तसं लिहा. "लहान मुलांपुरतं पटलं, दहावीबाबत अजून नाही" हे पूर्ण उत्तर आहे, आणि प्रश्न आधी नीट कापलेला असला तरच ते देता येतं.